सोफा बाहेर, सतरंजी आत

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात यंदा आपापल्या कामाबद्दल लिहायचं आहे, म्हणून मंडळातली ऋचा माझ्या मागे लागली होती. ती म्हणाली, मावशी, तुम्ही नुसतं बोला, मी टाइप करते. मी नको म्हटलं. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो, आणि छापून आलं की चाळीस माणसं वाचणार. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण वाचायची सवय सुटली नाही, त्यामुळे लिहायला हात बिचकत नाही. म्हणून हे माझं मीच लिहून ठेवते आहे. अंकाला ऋचा तिच्या ऑफिसचं काहीतरी देईल.

माझं काम बाळ-बाळंतिणीचं. आमचे हे इथल्या शिपयार्डात वेल्डर होते. त्यांच्यामुळे पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी मिळाली, हौगांगचा फ्लॅट झाला. ते गेल्यावर घरात बसून भिंतींकडे बघण्यापेक्षा मी हे काम धरलं. गुहागरला माझी आई हेच करायची, त्यामुळे हाताला वळण होतं.

बाहेरच्यांना वाटतं तेल चोळलं की झालं. तसं नाही. बाळंतिणीचं अंग पहिले काही दिवस तिचं तिलाच ओळखू येत नाही. कंबर सैल झालेली असते आणि खांदे मात्र बाळाला धरून धरून लाकडासारखे होतात. तेल कोमट करायचं, पायांपासून सुरुवात करायची आणि हात वरच्या दिशेने न्यायचा. ऑपरेशन झालं असेल तर पोटाला हात लावायचा नाही. बाळाला पाय पसरून पायांवर घ्यायचं, तिथेच चोळायचं, तिथेच आंघोळ घालायची. इथल्या काचेच्या बाथरूममध्ये पाय पसरायला जागा नसते, म्हणून मी हॉलमध्ये प्लास्टिक अंथरून त्यावर टब ठेवते. धुरी तर विसरायचीच. पहिल्यांदा एका कॉन्डोत निखाऱ्यावर ओवा आणि वावडिंग टाकलं, तर अलार्म वाजला आणि सगळी बिल्डिंग पायजम्यात खाली उतरली. तेव्हापासून ओवा तव्यावर भाजते आणि पुरचुंडी करून शेकते.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक बाळाचे वडील माझ्या तेलात दुधाचा थर्मामीटर बुडवून बघायचे आणि मला आकडा सांगायचे. मी मान हलवायची आणि कोपर बुडवून बघायची. पुण्याच्या एक सासूबाई आल्या, तर घरात आधीच चिनी कन्फाइनमेंट नॅनी, म्हणजे त्यांच्याकडची बाळंतिणीची बाई, ठेवलेली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण बाळंतिणीने गार पाण्यात हात घालायचा नाही यावर दोघींचं असं एकमत झालं की सून रडकुंडीला आली. हसण्यासारखं पुष्कळ आहे. पण लिहायला बसले की मला तियामिकेचंच घर आठवतं, म्हणून तेच लिहिते.

ऋचा हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत आहे. तिच्या ऑफिसात लिंबानी नावाचे एक साहेब आहेत, आफ्रिकेतल्या मलावी देशाचे. मोझांबिकला लागून आहे तो देश. त्याला समुद्र नाही, पण एक तळं आहे, इतकं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही आणि त्यात आगबोट चालते. लिंबानी त्या काठावर वाढले, बोट बघत बघत जहाजांच्या कामात आले. त्यांच्या बायकोला, तियामिकेला, मुलगी झाली. मलावीहून तिची आई बाळंतपणाला येणार होती, पण तिच्या पासपोर्टची कागदपत्रं अडकली. तोवर कोणीतरी हवं, म्हणून ऋचाने माझं नाव सुचवलं.

पहिल्या दिवशी तियामिकेने मला पाणी दिलं ते गुडघे टेकून, डावा हात उजव्या कोपराला लावून. नुकती बाळंत झालेली बाई, घरची मालकीण, आणि मालीशवालीपुढे गुडघे टेकते आहे. मला इतका संकोच झाला की मीही खाली बसले. मग आम्ही दोघी जमिनीवर समोरासमोर, मध्ये पाण्याचा ग्लास. ती हसायला लागली. म्हणाली, आमच्याकडे मोठ्या बाईला असंच देतात. त्या दिवसापासून ती मला आमायी म्हणू लागली. म्हणजे आई. त्यांच्यात कुठल्याही मोठ्या बाईला तसंच म्हणतात, हे तिने सांगितलं, तरी मला बरं वाटायचं.

माझं इंग्रजी बाजारापुरतं, तिचं सावकाश. त्यामुळे जमलं. भाषा त्यांच्याही घरात तीन होत्या. ती चिचेवा बोलणारी, तो उत्तरेकडचा, तुम्बुका बोलणारा. आपसांत चिचेवा, त्याच्या घरच्यांशी फोनवर तुम्बुका, आणि भांडायचं असलं की इंग्रजी. ती मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड खायची, न्सिमा म्हणतात तिला, सोबत पालेभाजी आणि तळ्यातले बारीक सुके मासे. मासे माहेरून आले होते. डबा उघडला आणि सुकटीचा वास आला, तेव्हा ते घर मला परकं राहिलं नाही. तिने मला एक कापडही दिलं, चितेंजे, दोन-अडीच हात रुंद, मोठ्या फुलांचं. तिकडच्या बायका ते कमरेला गुंडाळतात, त्यातच मूल पाठीला बांधतात. मी ते साडीवरून गुंडाळायची, तेल लागू नये म्हणून.

तिच्या लोकांत मुलं आईच्या घराण्याची मानतात. बापापेक्षा मामाचा शब्द मोठा. तिच्या लग्नात तिच्या बाजूने तिचा मामा उभा राहिला, आणि पुढे सुखदुःखाचं काहीही असलं तरी तिच्याशी पहिलं तोच बोलणार. मामाला ते मालुमे म्हणतात. लिंबानींच्या उत्तरेत असं नाही, तिथे बापाचं घराणं. ते मला म्हणायचे, "आमायी, हिच्या गावात जावई म्हणजे शेत खणायला ठेवलेला पाहुणा." ती आतून ओरडायची, "खणलंस कधी? तू जहाजाचे कागदच उलटलेस."

तिची आई रोज व्हिडिओवर यायची. डोक्याला रुमाल बांधलेली, पुढचा एक दात पडलेली. बाळाला ती म्लेन्डो म्हणायची, म्हणजे पाहुणी. बाळाची नाळ पडेपर्यंत त्यांच्यातही बाहेरच्यांना दाखवत नाहीत. नाळ पडली की नाही ते ती मला बोटांनी विचारायची. मी हाताने उत्तर द्यायची. पडली त्या दिवशी तिने दोन्ही तळवे हलकेच वाजवून मला नमस्कार केला. बाराव्या दिवशी आमच्यात बारसं करतात, पाळण्यात घालतात, पाच बायका बोलावतात, असं मी तियामिकेला बोलले होते. तिला ते इतकं आवडलं की तिने आईला विचारलं. आई म्हणाली, पाळण्यात घाला, पण नाव मी येऊन ठेवणार, ते माझ्याजवळ आहे.

एक गोष्ट मात्र काळजीची होती. बाळंतपणात तियामिकेचं ब्लडप्रेशर फार वाढलं होतं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या चुकवायच्या नाहीत, सकाळ-संध्याकाळ मशीनवर बघायचं, डोकं ठणकलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं, झटका येऊ शकतो. मशीन पलंगाशेजारीच असायचं.

बारशाला थोडे दिवस उरले होते. एका सकाळी त्यांच्या घरी जायला मी हार्बरफ्रंट स्टेशनवर उतरले तर गेटपाशी लिंबानी उभे. ऑफिसचे कपडे, पण दाढी केलेली नाही. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले आधी बसू. गर्दीतून मला एका बाकाकडे नेलं, मी नीट बसल्याची खात्री केली, मग शेजारी बसले. म्हणाले, तिची आई गेली. ताप आला होता, दोन रात्रींत संपलं.

मला पहिली आठवण झाली ती माझ्या आईची. ती गेली तेव्हा मी हौगांगच्या बाजारात मासे घेत होते. भावाचा फोन आला. आई गेली, तुझ्यासाठी थांबवत नाही, एवढंच बोलला आणि ठेवला, त्याला पुढचे फोन करायचे होते. मासेवाला पिशवी पुढे करून उभा होता. मी पिशवी घेतली, घरी आले, मासे साफ केले, कालवण केलं, यांना वाढलं. त्यांचं जेवण झाल्यावर सांगितलं. हे मी कधी कोणाला बोलले नव्हते. त्या बाकावरही बोलले नाही.

लिंबानी म्हणाले, तिला सांगायचं नाही. मी म्हटलं, आई आहे तिची, लपवायचं कसं? तेव्हा त्यांनी समजावलं. हे लपवणं नव्हे. ही बातमी नवऱ्याने सांगायची नसते, फोनवर तर नाहीच. मामा येऊन, समोर बसून सांगतो. मामांनी निरोप पाठवला आहे की बहिणीला माती देऊन मी निघतो, तोवर माझ्या भाचीच्या कानावर कोणी घालू नये. त्यात तिचं ब्लडप्रेशर. मी जावई, त्यांचा शब्द मोडून सांगितलं आणि तिला काही झालं, तर त्या गावात मी तोंड दाखवू शकणार नाही. आणि मला स्वतःलाही नाही.

तियामिकेला सांगितलं होतं की आईचा फोन बिघडला आहे. माझ्याकडून एकच हवं होतं, मी तेच म्हणावं. मी म्हटलं, खोटं मला बोलता येत नाही, माझ्या तोंडावर दिसतं. पण गप्प राहीन. ते मला येतं.

गप्प राहणं इतकं जड असतं हे मला त्या दिवसांत कळलं. मालीश करताना बाई तुमच्या हाताखाली असते, आणि हाताला लपवता येत नाही. पहिल्याच सकाळी पाठीला हात लावला तर ती मान वळवून म्हणाली, आमायी, आज तुमचा हात वेगळा आहे. मी म्हटलं, तेल गार झालंय, आणि उठून स्वयंपाकघरात गेले. तेल गरमच होतं.

ती रोज विचारायची, आईचा फोन दुरुस्त झाला असेल का. आईला पुलाउ उबीन बेटावर न्यायचं म्हणायची, उंच बिल्डिंगा तिला सोसणार नाहीत, तिथे जुनी लाकडी घरं आहेत, कोंबड्या आहेत, तिथे बसेल ती. मी बाळाचे पाय चोळत राहायची. एकदा बाथरूमचा नळ बराच वेळ चालू राहिला. लिंबानी आत होते. आम्ही दोघी त्या पाण्याचा आवाज ऐकत होतो. मग तिने अगदी हळू विचारलं, "त्याची नोकरी गेली का?"

मी म्हटलं, नाही.

"नोकरी गेली तर इथे राहायचा पास जाईल. आम्हाला जावं लागेल. खरं सांगा."

"नोकरी आहे," मी म्हटलं. तेवढं खरं होतं.

"मग काय आहे?"

मी बाळ तिच्या मांडीवर दिलं आणि मशीनचा पट्टा तिच्या दंडाला बांधला. पट्टा फुगत असताना बोलायचं नसतं. आकडा आदल्या दिवसापेक्षा वर होता. मी तो लिंबानींना दाखवला, त्यांनी क्लिनिकला फोन करून, विचारून गोळी वाढवली. मी घरी जाताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये उभी राहिले, बसायला जागा असून. वाटायचं, मामा पोचायच्या आधी तिला काही झालं तर, आणि वाटायचं, तिने पुन्हा सरळ विचारलं तर.

मामांचं तिकीट नेमकं बारशाच्या दिवशीचं निघालं. सकाळी उतरणार होते. मी म्हटलं, बारसं पुढे ढकलू. लिंबानी म्हणाले, ढकललं तर तिला आजच कळेल. मामा सकाळी येतील, तिच्याशी बोलतील, मग बायकांना फोन करून थांबवू. तसं ठरलं. पण विमान उशिरा निघालं. लिंबानी विमानतळावर वाट बघत बसले, आणि इकडे ऋचा तिच्या तीन मैत्रिणींना घेऊन दुपारीच आली. ऋचाला बातमी माहीत होती, बाकीच्यांना नव्हती. पाळणा त्यांनी टॅक्सीतून आणला होता, फुलांची माळ आणली होती. तियामिके आत बाळाला पाजत होती, तिला आवाज आले, ती आतून म्हणाली, मी तयार होते, मला बोलवू नका, मीच येते. तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जरा हसू होतं. मी ऋचाकडे बघितलं. ऋचा म्हणाली, मावशी, पाळण्यात घालून घेऊ पटकन, मामा येतील तोवर आम्ही निघून जाऊ.

हॉल लहान. सोफा, टीपॉय, टीव्हीचं टेबल, त्यात पाळणा मावेना. मी म्हटलं, सोफा बाहेर काढा, सतरंजी टाकू, सगळ्या खालीच बसू. आमच्याकडे असंच करतात, त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मनातही आलं नाही. पोरींनी सोफा कॉरिडॉरमध्ये ढकलला. शेजारची चिनी आंटी दार उघडून बघायला लागली. इथल्यांच्या सवयीचा लाह लावून म्हणाली, इथे ठेवायचं नाही लाह, मॅनेजमेंटवाले येतील. मग स्वतःच म्हणाली, माझ्या घरात ठेवा, आणि आपलं दार पूर्ण उघडलं. बेबी पार्टी का, असं विचारलं. मी मान हलवली. सोफा, टीपॉय, खुर्च्या, सगळं तिच्या घरात गेलं. आमचा हॉल मोकळा झाला. मी सतरंजी अंथरली. पोरी भिंतीला टेकून बसल्या. एसी गार होता, म्हणून दोघींनी ओढण्या डोक्यावरून घेतल्या. तेलाचं काम नव्हतं, पण सवयीने मी चितेंजे गुंडाळूनच होते. पाळणा अजून स्वयंपाकघराच्या दाराशी होता, माळ बांधायची राहिली होती. आतलं दार उघडण्याचा आवाज आला तशा सगळ्या गप्प झाल्या, ती येते आहे म्हणून.

तियामिके बाळाला घेऊन आली. पिवळा झगा, गळ्यात मणी. तिने भिंतीकडे बघितलं, जिथे सोफा होता. मग जमिनीवर बसलेल्या बायकांकडे. मग माझ्याकडे, माझ्या कमरेच्या कापडाकडे.

तिचा चेहरा बदलताना मी पाहिला आणि मला काही कळलं नाही. नंतर कळलं. त्यांच्या गावात घरातलं सामान एकाच प्रसंगी बाहेर काढतात, घरात मरण झालं की. खोली मोकळी करतात, चटई टाकतात, आणि बायका डोक्यावरून कापड घेऊन, चितेंजे गुंडाळून खाली बसतात. कोणी काही बोलत नाही. बाहेरून आलेल्याने ती खोली बघितली की सांगावं लागत नाही.

ती उभी होती तिथेच गुडघ्यांवर आली. बाळ छातीशी घट्ट. मला वाटलं बाळ सुटेल, मी पुढे सरकले, बाळाखाली हात धरले.

"आमायी," ती म्हणाली, "माझी आई का?"

मी त्या दिवसांत हजार वेळा मनात घोकलं होतं की तिने असं विचारलं तर काय म्हणायचं. नाही म्हणता आलं असतं. हे बारसं आहे गं, तो बघ पाळणा, असं सांगता आलं असतं आणि ते खरंच होतं. तिने ऐकलंही असतं कदाचित, तासभर. हो म्हणण्याचा अधिकार माझा नव्हता. मी तिच्या डोळ्यांत बघत राहिले. मग म्हटलं, "मालुमे येतायत. लिंबानी विमानतळावर गेलेत."

मामा मलावीहून इतक्या लांब उगीच येत नाही. तिला तेवढं पुरलं.

मी बाळ काढून घेतलं तेव्हा तिने आवाज काढला. तसं रडणं मी कोकणात लहानपणी ऐकलं होतं, इथे कधी नाही. फ्लॅटमध्ये माणसं उशीत तोंड घालून रडतात. पोरी घाबरल्या. एकीला वाटलं झटका आला. ऋचा उठून फोन शोधायला लागली, दुसरी पाणी आणायला, तिसरी दाराकडे बघत होती, आपण जावं की काय म्हणून. मी आयुष्यात कधी कोणाला हुकूम केलेला नाही. पण माझ्या तोंडून निघालं, "कोणी उठू नका. बसा."

बसल्या त्या. मी ऋचाला तेवढं मशीन आणायला सांगितलं. तियामिके रडत असतानाच, बाळ मांडीवर ठेवून, मी तिच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा वर होता, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या रेषेच्या खाली. डोकं ठणकतंय का, नीट दिसतंय का, मी विचारत राहिले, ती मानेने उत्तर देत राहिली. ऋचाने क्लिनिकला फोन लावला, नर्स म्हणाली गोळी द्या, पुन्हा पुन्हा बघत राहा, वाढलं तर तडक या. गोळी दिली. मग करण्यासारखं काही उरलं नाही. मी तिची पाठ माझ्या खांद्याला टेकवून घेतली. त्या तीन पोरी, ज्यांना अजून नीट काय झालं तेही माहीत नव्हतं, जवळ सरकल्या. एकीने तिचे पाय धरले. पट्टा फुगायचा, सुटायचा. आकडा हळूहळू उतरत गेला.

दारावर आवाज आला. "ओदी," कोणीतरी म्हणालं. त्यांच्यात दार वाजवत नाहीत, असं म्हणून उभे राहतात. तियामिकेने मान वर न करता आत या म्हणून उत्तर दिलं.

मामा उंच, पांढऱ्या केसांचे, अंगात चुरगळलेला कोट. मागे लिंबानी. लिंबानींनी खोली बघितली आणि ते दारातच थांबले. मामांनीही बघितली, सगळीकडून बघितली, आणि वळून जावयाला चिचेवात काहीतरी विचारलं, आवाज न चढवता. शब्द कळले नाहीत तरी प्रश्न कळला. तू सांगितलंस?

तियामिकेनेच उत्तर दिलं, इंग्रजीत, आम्हालाही कळावं म्हणून असेल. "कोणी सांगितलं नाही. या बसल्या होत्या."

मामांनी बूट काढले. भिंतीशी जागा बघून मांडी घातली, दोन्ही तळवे हलके वाजवले, आधी तिला, मग आम्हा सगळ्यांना. मग सावकाश बोलायला लागले. लिंबानी अधूनमधून आम्हाला सांगत होते. तिला कळलेलं होतं, तरी त्यांनी सुरुवातीपासून सांगितलं. ताप कधी आला, उशाशी कोण होतं, कोणी आंघोळ घातली, कुठल्या झाडाजवळ जागा दिली, माती द्यायला कोण कोण आलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. आपल्या आईचं शेवटचं सगळं तिने खाली बसून, माणसांच्या मधोमध, क्रमाने ऐकलं. मी बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होते आणि माझ्या नाकाला बाजारातल्या माशांचा वास येत होता.

पोरी संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. ऋचाने सगळ्यांना चहा केला. पाळणा दाराशीच राहिला.

पुढे काही दिवस हॉल तसाच होता. मी मालीश तिथेच करायची. मामा कोपऱ्यात बसून असायचे. मग एका सकाळी मामांनी सांगितलं की आज घर झाडायचं. शोक संपवायची त्यांची रीत आहे ती, घर झाडतात आणि मग सामान आत येतं. तियामिकेने स्वतः झाडलं, तिला कोणी मदत करायची नव्हती. ऋचा रजा टाकून आली होती. आम्ही माळ बांधली आणि बाळाला पाळण्यात घातलं. नाव मामांकडे होतं, बहिणीने जाण्याआधी त्यांच्याजवळ दिलेलं. तादाला. आमचं भलं झालं, असा त्याचा अर्थ. आत्या कोणी नव्हती, म्हणून बाळाच्या कानात ते मी सांगितलं. मामांना आमची ही पद्धत पसंत पडली. नाव असं गुपचूपच सांगायला हवं, म्हणाले.

मग त्यांनी मला विचारलं, तुमची आई आहे का.

मी म्हटलं, नाही, गेली, पुष्कळ वर्षं झाली. त्यांनी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं. मी म्हटलं, भावाने, फोनवर. तुम्ही कुठे होता? मी सांगितलं. मासे, पिशवी, कालवण, सगळं सांगितलं. कशी सांगू शकले कोण जाणे. ऋचा माझ्याकडे बघत राहिली. मामांनी शेवटचं विचारलं, "तुमच्याजवळ कोण बसलं?"

मी पाळण्याची माळ सारखी करत राहिले. त्यांना उत्तर समजलं.

ते खुर्चीवर नव्हतेच, खुर्च्या अजून शेजारच्या आंटीकडे होत्या. ते जरा सरकून माझ्या समोर आले, दोन्ही तळवे वाजवले आणि म्हणाले, "पेपानी, आमायी." तिकडे दुःखात असलेल्याला असंच म्हणतात. तियामिकेने बाळ पाळण्यातच ठेवलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली, खांद्याला खांदा लावून. ऋचा बसली. लिंबानी दाराशी बसले.

तेवढ्यात शेजारची आंटी आली. घर झाडलं हे तिला कळलं असावं. दारातून म्हणाली, सोफा आता न्यायचा ना?

"अजून नाही, आंटी," तियामिके म्हणाली. "अजून एक आई आहे."

आंटीने आम्हा सगळ्यांकडे बघितलं. कोणाची, कधी, तिने काही विचारलं नाही. दाराबाहेर चपला काढल्या आणि माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन खाली बसली.